मनोऱ्यावरचं शेंडेनक्षत्र

मागच्या भागात आपण तंजावरच्या मराठी राजांनी बांधलेल्या छत्रांविषयी बोललो. रामेश्वरच्या वाटेवरच्या धर्मशाळा, तिथलं अन्नदान, ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र. आज आपण त्याच रस्त्याने आणखी दक्षिणेला, थेट समुद्रापर्यंत जाणार आहोत. बघायचं मात्र जमिनीवर नाही, आभाळात आहे. पहाटेच्या संधिप्रकाशातला एक धूमकेतू, आणि त्याचा फोटो काढणारा खेड्यातला एक लग्नाचा फोटोग्राफर.

व्हिडिओखाली काहींनी विचारलं होतं, की धूमकेतूचा फोटो हा इतिहासाचा विषय कसा? माझं म्हणणं आहे की तो इतिहासाचाच विषय आहे, आणि फार थोड्यांनी नीट सांगितलेला आहे. पण आधी मला १९८६ सालात जावं लागेल, कारण माझ्यापुरती ही गोष्ट तिथे सुरू होते.

वडील रेल्वेत. तिरुचिरापल्लीजवळ पोन्मलैला बदली झालेली. मी सोळा वर्षांचा. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू आला होता. ९ फेब्रुवारीला तो सूर्याला वळसा घालून गेला आणि ११ एप्रिलला पृथ्वीच्या सगळ्यांत जवळ आला. जवळ म्हणजे तरी सूर्य-पृथ्वी अंतराच्या चार-दशांशाहून थोडा जास्तच. नेमका त्या दिवसांत तो खूप दक्षिणेला सरकला होता. पुण्यातून तो जास्तीत जास्त पंचवीसेक अंश वर यायचा, तर तंजावरच्या अक्षांशावरून बत्तीस अंशांपर्यंत. सात-आठ अंशांनी काय होतं, असं वाटेल; पण क्षितिजाजवळच्या धुळीत आणि दमट हवेत तेवढ्यानेच दिसणं-न दिसणं ठरतं. शिवाय ९ एप्रिलला अमावास्या. म्हणजे आम्ही अगदी मोक्याच्या जागी होतो, तेही रेल्वेच्या कृपेने.

वडिलांचे एक सहकारी तंजावरी मराठी. पापनाशमजवळ त्यांचं गाव. घरात बोलणं मराठीतच, पण त्या मराठीत तमिळची लय अशी मिसळलेली, की पहिले दोन दिवस मला अर्धंच कळायचं. त्यांच्या ओसरीवर आम्ही रात्र काढली. कावेरीच्या फाट्यापलीकडे शेतं, पुढे नारळांची काळी रांग, आणि तिच्यावर एक मळकट, पसरट, ढगाच्या पिंजलेल्या तुकड्यासारखा डाग. तोच हॅले. खरं सांगायचं तर निराशा झाली. मी वडिलांच्या मित्राचा झेनिट कॅमेरा मागून आणला होता. त्यात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू रोल. शटर बोटाने धरून ठेवायचं, मनात आकडे मोजायचे. दहा फ्रेम काढल्या. बाकीच्या फ्रेममध्ये घरची माणसं.

रोल धुवायला एका स्टुडिओत दिला. आठ दिवसांनी पाकीट मिळालं. आजी, मामी, गोठ्यातलं वासरू, सगळे होते. दहा फ्रेम नव्हत्या. विचारलं तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "त्या काळ्या होत्या, काही आलं नव्हतं त्यात, कापून टाकल्या." आता निगेटिव्हवर रात्रीचं आभाळ काळं नसतं, जवळजवळ कोरं पारदर्शक असतं; म्हणजे त्याने नीट बघितलंही नव्हतं. पण सोळा वर्षांच्या मुलाने हे कुणाला समजवायचं? मी पाकीट घेऊन घरी आलो.

त्याच ओसरीवरची दुसरी आठवण मात्र मला पुढे फार उपयोगी पडली. घरच्या आजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्या म्हणाल्या, "हा कसला? मी लहानपणी बघितला तो खरा." १९१० साली त्या आठ वर्षांच्या. आम्हाला कोण कौतुक! हॅले दोनदा बघणारं माणूस आमच्यासमोर बसलं होतं. मी विचारत गेलो. कधी बघितला? पोंगल झाल्यावर. कुठे? सूर्य बुडाला त्याच बाजूला, शुक्राच्या चांदणीजवळ. कसा होता? पांढरं शेपूट वर उभं.

कितीतरी वर्षांनी मला कळलं, की आजींनी हॅले बघितलाच नव्हता. १९१० सालच्या जानेवारीत दुसराच एक धूमकेतू अचानक उगवला होता. १२ जानेवारीला तो दक्षिण आफ्रिकेतल्या खाणकामगारांना पहिल्यांदा दिसला, १७ तारखेला सूर्याजवळून जाताना भर दिवसा दिसण्याइतका तेजस्वी झाला, आणि महिनाअखेरीस संध्याकाळच्या प्रकाशात, पश्चिमेला, शुक्राच्या आसपास झळकला. हॅले मोठा दिसला तो त्यानंतर, एप्रिल-मे महिन्यांत, आणि बराच काळ पहाटेच्या आभाळात. जगभरच्या कितीतरी आज्या-आजोबांनी या दोघांची गल्लत केली आहे. पण बघा, आजींनी वर्ष सांगितलं, सण सांगितला, दिशा सांगितली, शेजारची चांदणी सांगितली. म्हणून शहानिशा करता आली. नाव चुकलं होतं, नोंद चुकली नव्हती. माझ्या हरवलेल्या दहा फ्रेमपेक्षा त्या आठ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांनी काम चोख केलं होतं.

आता थोडं मागे जाऊ या.

सरफोजीराजे दुसरे १७९८ मध्ये गादीवर आले आणि १८३२ मध्ये वारले. राज्यकारभार इंग्रजांनी घेतलेला, राजांकडे उरला किल्ला, तनखा आणि वेळ. तो त्यांनी सरस्वती महालच्या ग्रंथांवर, वैद्यकावर, यंत्रांवर, नाटकांवर घालवला. त्यांची 'देवेंद्र कुरवंजी' ही मराठी रचना मला फार आवडते. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी बाई, आपल्याकडच्या कुडमुड्या जोशासारखी. तमिळ नाट्यप्रकारात ती येते, हात बघते आणि प्रेमाचं भविष्य सांगते. सरफोजींची कुरवंजी सांगते जगाचा भूगोल! भविष्य सांगणाऱ्या बाईकडून खंडांची आणि देशांची नावं वदवून घ्यायची, ही कल्पना ज्या राजाला सुचली, त्याच्याच काळात १८११ चा महाधूमकेतू आला. तो साधारण २६० दिवस नुसत्या डोळ्यांनी दिसत राहिला. युरोपात लोकांनी त्याचा संबंध नेपोलियनशी जोडला. पुढच्याच वर्षी नेपोलियन रशियावर चालून गेला, म्हणून त्याला 'नेपोलियनचा धूमकेतू' म्हणू लागले.

आणि तंजावरच्या दक्षिणेला, पट्टुकोट्टैच्या पुढे, शरभेंद्रराजपट्टणम या किनाऱ्यावरच्या गावाजवळ सरफोजीराजांनी १८१४ साली एक बुरूज बांधला. कशासाठी? नेपोलियनच्या पराभवाचं स्मारक म्हणून. षट्कोनी, आठ मजली, सुमारे २३ मीटर उंच. तिथले तमिळ लोक त्याला 'मनोरा' म्हणतात. त्यांना हे नाव परकं आणि जरा गमतीचं वाटतं. आपल्याला मात्र अर्थ विचारावा लागत नाही.

राजांनी बघितलेलं आभाळ कॅमेऱ्यात येणं शक्य नव्हतं. डागेरचं तंत्र जगाला कळलं १८३९ मध्ये, राजे गेल्यानंतर सात वर्षांनी. शेवटचे राजे शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि पाठोपाठ राज्य खालसा झालं. कॅमेरा तंजावरला नीट पोचला तो १८५८ मध्ये. मद्रास सरकारचा फोटोग्राफर लिनिअस ट्राइप याने बृहदीश्वराच्या जोत्यावरचा चोळांचा शिलालेख टिपण्यासाठी एकवीस फोटो एकमेकांना जोडले आणि एकोणीस फुटांहून लांब गुंडाळी तयार केली. त्याच देवळाच्या आवारात १८०३ मध्ये कोरलेला आपला भोसले वंशाचा मराठी लेख आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दगड हलत नाही. ट्राइपला घाई नव्हती.

त्याच १८५८ साली, तंजावरपासून हजारो मैलांवर, इंग्लंडच्या सरे परगण्यात एका माणसाला घाई होती. त्याचं नाव विल्यम अशरवूड. धंदा फोटोग्राफीचा. सप्टेंबरमध्ये दोनातीचा धूमकेतू संध्याकाळच्या आभाळात झळकत होता. २७ सप्टेंबरला अशरवूडने आपल्या कॅमेऱ्याची पोर्ट्रेट लेन्स, म्हणजे माणसांचे चेहरे टिपायची लेन्स, आभाळाकडे वळवली आणि सात सेकंद काच उघडी ठेवली. धूमकेतूचा जगातला पहिला फोटो! दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत जॉर्ज बाँड यांनी पंधरा इंची भल्यामोठ्या दुर्बिणीतून सहा मिनिटं प्रकाश दिला. त्यांच्या काचेवर उमटला तो फक्त मधला ठिपका. शेपूट नाहीच.

असं का झालं, हे समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. तारा हा ठिपका असतो. दुर्बीण जेवढी रुंद तेवढा तो ठळक. धूमकेतूचं शेपूट हा ठिपका नाही, ती पसरलेली प्रभा आहे. तिथे रुंदी किती यापेक्षा रुंदीच्या मानाने लांबी किती, हे महत्त्वाचं. हार्वर्डच्या दुर्बिणीची नळी बावीस फुटांहून लांब, म्हणजे रुंदीच्या अठरापट. ती प्रभा तेवढीच फाकून फिकी करायची. अशरवूडच्या लेन्सचं हेच गुणोत्तर होतं २.४. हिशोब केला तर काचेच्या प्रत्येक बिंदूवर पन्नासपटींहून जास्त उजेड. पोर्ट्रेट लेन्स मुळात जन्माला आली, ती माणसांना मिनिटंच्या मिनिटं मान ताठ करून बसावं लागू नये म्हणून. व्हिएन्नाच्या योझेफ पेत्झवालने १८४० मध्ये तिचं गणित मांडलं. लग्नाळू मुलीच्या आणि ताज्या बाळाच्या फोटोसाठी केलेली सोय आभाळातल्या शेपटीलाही लागू पडली.

अशरवूडची ती काच आज अस्तित्वात नाही. फोटो होता, तो लोकांनी बघितला, बाँड यांच्यापर्यंत त्याची बातमी गेली; पण मूळ काच हरवली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कापलेल्या दहा फ्रेम आठवल्या. तुलना मोठी आहे, तोंडही लहान आहे, पण आठवल्या खऱ्या.

पुढे १८८२. सप्टेंबरमध्ये आलेला महाधूमकेतू सूर्याला घासूनच गेला. केप ऑफ गुड होपच्या वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांच्याकडे चांगली दुर्बीण होती, पण फोटोग्राफीत मदत हवी होती. त्यांनी जवळच्या मोब्रे गावातल्या ॲलिस नावाच्या फोटोग्राफरला बोलावलं. ॲलिसने आपला कॅमेरा आणला. लेन्स अडीच इंच रुंद, अकरा इंच लांब. तो दुर्बिणीच्या पाठीवर बांधला, म्हणजे दुर्बीण आभाळाबरोबर फिरेल तसा कॅमेराही फिरेल. आता ओल्या कलोडियनऐवजी जिलेटिनच्या कोरड्या काचा मिळत होत्या, त्यामुळे तासाहून जास्त वेळ प्रकाश देता येत होता. सगळ्यांत लांब फोटो दोन तास वीस मिनिटांचा. धूमकेतू तर आलाच, पण त्याच्या मागे इतके तारे उमटले की गिल यांना सुचलं, ताऱ्यांचा नकाशाच फोटोवरून का करू नये? त्यातून दक्षिण आभाळातल्या साडेचार लाखांहून जास्त ताऱ्यांची यादी झाली आणि १८८७ मध्ये पॅरिसला सगळ्या आभाळाचा नकाशा काढण्याचा ठराव झाला. त्या सगळ्याच्या मुळाशी गावातल्या स्टुडिओवाल्याचा कॅमेरा आहे.

आपल्याकडे पुढचा टप्पा कोडैकनालचा. १८९९ पासून तिथे सूर्याचा अभ्यास करणारी वेधशाळा आहे आणि १९१० मध्ये जॉन एव्हरशेड तिथे होते. हॅलेचे फोटो तिथून निघाले. सरकारी वेधशाळा, सरकारी काचा, म्हणून जपल्या गेल्या. हौशी माणसांची संघटना आपल्या मराठी मुलखात मात्र लवकर झाली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ ची, देशातली हौशी आकाशनिरीक्षकांची सर्वांत जुनी. मुंबईचं खगोल मंडळ हॅलेच्या लाटेत, १९८५ मध्ये उभं राहिलं. १९६५ चा इकेया-सेकी तर दोन जपानी हौशी माणसांनीच शोधला. त्यातला एक पियानोच्या कारखान्यात कामाला, दुसरा गिटार शिकवणारा.

एक गोष्ट मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपण पसरलेले आहोत, आणि आपले पावसाळे वेगळे आहेत. जुलै २०२० मध्ये निओवाइज आला तेव्हा महाराष्ट्र ढगाखाली होता. ऑक्टोबर आला की महाराष्ट्राचं आभाळ मोकळं होऊ लागतं आणि कावेरीच्या खोऱ्यात पाऊस सुरू होतो. तिथला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी. म्हणजे धूमकेतू कुठल्या महिन्यात येतो, यावर कुठल्या गावच्या मराठी माणसाने तो बघायचा ते ठरतं.

आणि आता २०२४. सुचिन्शान-ॲटलास. चीनच्या वेधशाळेने आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ॲटलास दुर्बिणीने २०२३ च्या सुरुवातीला शोधलेला. जुलै २०२४ मध्ये झ्डेनेक सेकानिना या नामवंत धूमकेतू-अभ्यासकाने लिहिलं होतं, की हा सूर्यापर्यंत पोचायच्या आधीच मोडून पडेल. तो मोडला नाही. २७ सप्टेंबरला त्याने सूर्याला वळसा घातला. त्याच्या आगेमागे काही दिवस तो पहाटे पूर्वेला, नंतर १२ ऑक्टोबरपासून संध्याकाळी पश्चिमेला दिसणार होता.

मी त्या वेळी तंजावरला, या मालिकेच्याच कामाने. ऑक्टोबरच्या संध्याकाळींवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, हे पापनाशमच्या घरी मला आधीच बजावलं होतं. (तसंच झालं. १५ ऑक्टोबरला ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला.) म्हणजे पहाटच धरायची. माझ्याकडे कॅमेरा होता, पण लेन्स साधी. आजींच्या नातवाने सांगितलं, ओरत्तनाडूकडे एका गावात आमच्या नात्यातला एक फोटोग्राफर आहे, लग्नं करतो. त्याला सगळे अण्णा म्हणतात. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, मराठीतही जवळजवळ तेच; माझ्याहून दहा वर्षांनी लहान माणसाला मीही अण्णाच म्हणू लागलो. ते मला 'सार' म्हणायचे.

स्टुडिओत गेलो तर अण्णा निवांत. पुरट्टासी महिना चालू होता. त्या महिन्यात तमिळ घरांत लग्नं टाळतात, आणि आपला पितृपक्षही त्यातच. पुढचं काम थेट ऐप्पसी लागल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यानंतर. कपाटात ८५ मिलिमीटरची, १.८ ची लेन्स पडून होती; नवरीच्या चेहऱ्यासाठी घेतलेली. मी अशरवूडची गोष्ट सांगितली. ते ऐकत होते, पण विश्वास बसल्यासारखं दिसत नव्हतं.

"सार, ही लेन्स माणसांसाठी."

"त्याचीही माणसांसाठीच होती, अण्णा."

३० सप्टेंबरला, सोमवारी, पहाटे तीनला त्यांच्या गाडीतून निघालो. मनोऱ्याला पोचलो तेव्हा काळोख होता. अमावास्या दोन दिवसांवर, त्यामुळे चंद्राची अगदी बारीक कोर. आम्ही आवाराबाहेर, मनोऱ्याच्या पश्चिमेला, दोनशे पावलांवर तिपाई लावली. जागा मीच मोजून ठरवली होती: तेवीस मीटरचा मनोरा दीडशे-पावणेदोनशे मीटरवरून आठेक अंश उंच दिसतो, आणि धूमकेतू त्याच्या टोकाशी यायला हवा होता.

फोकस कशावर करायचा? क्षितिजावर काही दिसत नव्हतं. गुरू डोक्यावर लखलखत होता. त्याच्यावर लेन्स रोखली, पडद्यावर मोठा करून बघितला, सगळ्यांत बारीक ठिपका झाला तिथे रिंगला चिकटपट्टी लावली. ही चिकटपट्टी विसरू नका; अंधारात रिंगला नुसता हात लागला तरी सगळी पहाट वाया जाते.

आता सेकंदांचा हिशोब. आभाळ फिरतं, कॅमेरा फिरत नाही. हौशी लोकांचा ठोकताळा असा, की पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरने भागायचं. तेवढे सेकंद तारा ठिपकाच राहतो. ८५ ने भागलं की सहा सेकंदांच्या आत. अशरवूडचे सात होते! आम्ही चारवर सुरुवात केली.

सव्वापाचला अण्णांना काही दिसेना. मलाही दिसेना. क्षितिजावर ढगांची पट्टी होती. डोळ्यांना दिसलं नाही, ते पहिल्यांदा पडद्यावर आलं: ढगांच्या वर, मनोऱ्याच्या उजव्या कडेला, खडूने ओढलेली बोटभर रेघ. अण्णा पडद्याकडे बघून म्हणाले, "लेन्सवर ओरखडा आहे का?" मग मनोरा मधे धरून थोडं डावीकडे सरकलो, दुसरा काढला. रेघ मनोऱ्यामागून बाहेर आली, पण ताऱ्यांमधली आपली जागा तिने सोडली नाही. ओरखडा नव्हता.

त्यानंतरची वीस मिनिटं मला आजही नीट लावून सांगता येत नाहीत. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ उभा वर येतो. इंग्लंडात सूर्य तिरका चढतो, तिथे दिवस-रात्र समान असण्याच्या सुमाराला कामाचा संधिप्रकाश तासाहून जास्त टिकतो. इथे तो पाऊण तासात संपतो. साधारण दर तीन मिनिटांनी आभाळ दुप्पट उजळत जातं. म्हणजे चार सेकंद, मग दोन, मग एक, मग अर्धा, असं सतत खाली यावं लागतं, आणि दर वेळी धूमकेतू आणि उजेड यांतलं अंतर कमी होत जातं. लग्नात मंगळसूत्राच्या क्षणी अण्णांचे हात जसे चालत असतील तसे ते चालत होते. मी फक्त वेळा वहीत लिहीत होतो. साडेपाचच्या सुमाराला नुसत्या डोळ्यांनीही दिसला. शेपूट वर, डोकं समुद्राकडे. मच्छिमारांच्या होड्यांचे दिवे खाली. एक म्हातारा सायकल धरून आमच्या मागे उभा राहिला. "वाल नक्षत्रम्," तो म्हणाला. वाल म्हणजे शेपूट. आपण शेंडी म्हणतो, ते शेपूट म्हणतात. मी अण्णांना म्हटलं, आपण ताऱ्याला माणूस समजतो, हे जनावर. ते म्हणाले, "दोन्ही घरी धूमकेतूच म्हणतात, सार, पत्रिकेत."

परत येताना कॅमेऱ्याचं घड्याळ बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. ते अकरा मिनिटं पुढे होतं. तीन मिनिटांत आभाळ दुप्पट होतं असं आत्ताच म्हटलं. अकरा मिनिटांच्या चुकीत सगळी मांडणी बिघडते. अण्णांना त्यात विशेष वाटलं नाही. लग्नात वेळ कॅमेरा सांगत नाही, गट्टी मेळम सांगतं. नादस्वरम आणि तविल एकदम कडाडले की मुहूर्त. मी माझ्या मोबाइलवरचं घड्याळ समोर धरलं आणि त्यांना त्याचा फोटो त्याच कॅमेऱ्याने काढायला लावला. आता फाइलमधली वेळ आणि खरी वेळ एकाच चित्रात आली. फरक कायमचा नोंदला गेला. वहीतल्या वेळांशी ताडून बघितलं, जुळलं.

तंजावरला पोचेपर्यंत अण्णांनी एक फोटो व्हॉट्सॲपवर टाकून झाला होता. दुपारपर्यंत तो मला तीन अनोळखी लोकांकडून आला. एकात तो रामेश्वरचा होता, एकात आदल्या वर्षीचा. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळ गळून पडते; पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. आजींना १९१० मधल्या सणाचं नाव शहात्तर वर्षं आठवत होतं, आणि आमचा फोटो सहा तासांत आपलं गाव विसरला.

मी पुण्याला परतलो. १६ ऑक्टोबरला रात्री अण्णांचा फोन. बाहेर पाऊस कोसळत असल्याचा आवाज येत होता.

"सार, उद्यापासून ऐप्पसी. परवा लग्न आहे. ते कार्ड रिकामं करू का?"

मूळ फाइली अजून तिथेच होत्या. एकशे बारा. माझ्याकडे आल्या होत्या त्या फक्त निवडक आठ, त्याही लहान केलेल्या. क्षणभर मला तो काउंटर दिसला, पाकीट दिसलं, वासराचा फोटो दिसला. मी म्हटलं, "अण्णा, पाया पडतो, नवीन कार्ड घ्या, पैसे मी पाठवतो." ते हसले. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी भर पावसात तंजावरला जाऊन त्यांनी कार्ड आणलं आणि जुनं पाकिटात घालून मला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. आता त्या फाइली दोन घरांत, तीन ठिकाणी आहेत. सोबत वहीच्या पानांचे फोटो आणि तो मोबाइलच्या घड्याळाचा.

व्हिडिओत तुम्ही जो फोटो बघितला आणि या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जो आहे, तो त्यातला साठावा. पाच वाजून तेवीस मिनिटं, दोन सेकंद. मनोरा काळा, ढगांची पट्टी जांभळी, आणि टोकाच्या जरा उजवीकडे ती रेघ.

अण्णांनी त्याची मोठी प्रत करून स्टुडिओत लावली आहे, एका नवपरिणित जोडप्याच्या आणि पाळण्यातल्या बाळाच्या मधे. खाली तमिळमध्ये तारीख, वेळ, गाव लिहिलं आहे, आणि माझ्या हट्टाने मराठीतही. लोक विचारतात, श्रीहरिकोट्याचं रॉकेट आहे का? गेल्या महिन्यात फोनवर सांगत होते, की एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, हा फोटो अल्बममध्ये नवरा-नवरीच्या मागे लावता येईल का.

"मग काय सांगितलंत?"

"लावतो म्हटलं, सार. पण खालची तारीख काढणार नाही."